प्रोग्रामिंगचे पुस्तक वाचून प्रोग्रामिंग येते का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे गृहस्थ वाणिज्य पदवीधर असून एका कर सल्लागाराच्या कार्यालयात हिशेबाचे काम पाहतात. नवशिक्यांसाठी लिहिलेले पायथन या प्रोग्रामिंग भाषेचे एक जाडजूड इंग्रजी पुस्तक त्यांनी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचले. त्यातले जवळजवळ सगळे त्यांना समजले, पुस्तकातले प्रोग्राम त्यांच्या संगणकावर चाललेसुद्धा. मात्र रिकामी फाइल उघडून स्वतःचे काही लिहायला बसले की पहिली ओळही सुचत नाही. अशी पुस्तके खरोखर शिकवतात का, की दोष आपल्याच डोक्यात आहे, आणि आता दुसरे पुस्तक घ्यावे की सरळ क्लास लावावा, असे त्यांना विचारायचे आहे.

आधी कंपनीत नव्याने रुजू झालेल्या मुलामुलींना आणि नंतर संध्याकाळच्या बॅचमध्ये नोकरी करणाऱ्या प्रौढांना मी बरीच वर्षे प्रोग्रामिंग शिकवत आले आहे. पुस्तक वाचून झाल्यानंतर नेमके याच ठिकाणी अडलेली माणसे मला सतत भेटतात, त्यामुळे डोक्याचा मुद्दा सुरुवातीलाच बाजूला ठेवते. राहिला पुस्तकाचा. नवशिक्यांसाठीचे चांगले पुस्तक भाषा शिकवते, आणि ते काम ते बहुतेक वेळा नीटच करते. मात्र हातात आलेला प्रश्न आणि प्रोग्रामची पहिली ओळ यांच्यामध्ये जो विचार करावा लागतो, तो छापील पानावर फारसा येत नाही. तुम्ही अडला आहात ते तिथे.

प्रोग्रामिंग येणे म्हणजे निदान तीन वेगवेगळ्या गोष्टी येणे. पहिली, भाषेतील शब्द आणि वाक्यरचना ओळखणे: लूप (तीच कृती पुन्हा पुन्हा करवणारी रचना) कसा लिहितात, फंक्शन म्हणजे काय, लिस्ट आणि डिक्शनरी यांत फरक काय. दुसरी, दुसऱ्याने लिहिलेला कोड कागद-पेन्सिल घेऊन ओळीओळीने चालवून पाहणे आणि कोणत्या क्षणी कोणत्या व्हेरिएबलमध्ये (किंमत ठेवायच्या जागेत) काय असेल ते बिनचूक सांगणे. तिसरी, साध्या भाषेत मांडलेल्या प्रश्नासाठी स्वतः रचना उभी करणे. पुस्तक वाचताना पहिली गोष्ट घडते, दुसरी घडल्यासारखी वाटते आणि तिसरी जवळजवळ घडतच नाही. तुमच्याच व्यवसायातले उदाहरण द्यायचे तर, दुसऱ्याने जुळवलेला ट्रायल बॅलन्स वाचून प्रत्येक आकडा पटतो, पण न जुळणाऱ्या ट्रायल बॅलन्समधला फरक शोधण्याची दृष्टी त्या वाचनातून येत नाही.

ही अडचण केवळ घरी बसून शिकणाऱ्यांची आहे असेही नाही. 2001 मध्ये मायकेल मॅक्रॅकन यांच्या पुढाकाराने काही देशांतील प्राध्यापकांनी एक पाहणी केली. चार विद्यापीठांतील 216 विद्यार्थ्यांनी प्रोग्रामिंगचा सुरुवातीचा अभ्यासक्रम केला होता. त्यांना साधा कॅल्क्युलेटर तयार करण्यासारखे प्रश्न देण्यात आले. 110 पैकी सरासरी गुण पडले 23 च्या आसपास. या विद्यार्थ्यांकडे पुस्तके होती, शिक्षक होते, प्रयोगशाळा होती, डोक्यावर परीक्षेची टांगती तलवारही होती. पुढे 2004 मध्ये रेमंड लिस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच धाग्यावर आणखी एक पाहणी केली, तेव्हा असे दिसले की अनेकांना रचना करणे तर दूरच, छोटासा तयार कोड वाचून त्याचे फलित काय येईल हेही खात्रीने सांगता येत नव्हते. म्हणून कोणी मला 'मला लिहिता येत नाही' असे सांगितले, की मी आधी त्या व्यक्तीला वाचता येते का ते तपासते. बऱ्याचदा गळती तिथेच सापडते.

आता पुस्तकातून काय निसटते ते एका जुन्या प्रश्नावर दाखवते. येल विद्यापीठात इलियट सोलोवे यांनी 1980 च्या दशकात नवशिक्यांचा अभ्यास करताना वापरलेला हा प्रश्न प्रोग्रामिंग शिकवणाऱ्यांमध्ये आजही 'पावसाचा प्रश्न' म्हणून ओळखला जातो. प्रश्न एवढाच: पावसाचे आकडे एकामागून एक वाचत जा, 99999 हा आकडा आला की थांब, आणि तोपर्यंतच्या पावसाची सरासरी सांग. संपूर्ण उत्तर दहाएक ओळींत मावते. ते पुस्तकात छापलेले असेल तर वाचायला अर्धा मिनिटही लागणार नाही आणि वाचून झाल्यावर 'यात काय कठीण आहे' असेच वाटेल.

मी हा प्रश्न बॅचमध्ये देते तेव्हा बहुतेक जण सर्वांत आधी व्हाइल हा लूप सुरू करणारा शब्द टाइप करतात आणि तिथेच थबकतात. मग मी संगणक बाजूला ठेवायला सांगते आणि एकेक आकडा तोंडी देते: 12, 0, 30, 99999. सरासरी काढा. बहुतेक जण 14 सांगतात, एखादा 21 सांगतो, कारण पाऊस न पडलेला दिवस त्याने मोजलेलाच नसतो. त्यानंतर मी विचारते, आकडे ऐकताना कागदाच्या कडेला काय लिहीत होतात? कोणी 12, पुन्हा 12, मग 42 अशी चढती बेरीज लिहिलेली असते आणि शेजारी तीन उभ्या रेघा ओढलेल्या असतात. ती बेरीज म्हणजे एक व्हेरिएबल आणि त्या रेघा म्हणजे दुसरे. दिवस मोजावे लागतील असे प्रश्नात कुठेही म्हटलेले नव्हते. सरासरी हवी म्हटल्यावर ते तुम्हीच ठरवले. दोन्हींची सुरुवात शून्यापासून, आणि तीही लूपच्या आधी, हाही तुमचाच निर्णय. 99999 हा पाऊस नव्हे, म्हणून तो बेरजेत मिळवण्याच्या आधीच तपासायला हवा. पहिलाच आकडा 99999 आला तर दिवस शून्य राहतील आणि शून्याने भागण्याची वेळ येईल. उत्तर छापणारी ओळ लूपच्या बाहेर हवी; पायथनमध्ये ती चार स्पेस आत सरकली तर प्रत्येक आकड्यानंतर नवी सरासरी छापली जाईल. दहा ओळींच्या आत एवढे निर्णय दडलेले असतात, आणि छापील उत्तरात त्यांतला एकही निर्णय म्हणून दिसत नाही.

सोलोवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1983 मध्ये यातलाच एक बारकावा दाखवून दिला. माणसे स्वाभाविकपणे 'वाच, मग त्याचे काय करायचे ते कर' या क्रमाने विचार करतात. पास्कल भाषेतील व्हाइल लूप मात्र उलट्या क्रमाची सक्ती करतो: पहिला आकडा लूपच्या आधीच वाचायचा, आत गेल्यावर आधी हातातल्या आकड्याचे काम करायचे आणि मग शेवटी पुढचा आकडा वाचायचा. लूपच्या मधूनच बाहेर पडता येईल अशी सोय करून दिली, तेव्हा विद्यार्थ्यांची उत्तरे अधिक प्रमाणात बरोबर आली. म्हणजे अडखळण्याचे कारण कधीकधी भाषेच्या घडणीतच असते. पायथनमध्ये ब्रेक ही लूपमधून मधेच बाहेर काढणारी आज्ञा वापरून तुम्ही माणसाच्या स्वाभाविक क्रमाने लिहू शकता. मात्र तुमच्या पुस्तकात व्हाइल लूपचे पहिले उदाहरण बहुधा 1 ते 10 आकडे छापण्याचे असेल, ज्यात किती वेळा फिरायचे ते आधीच माहीत असते. त्या उदाहरणावरून पावसाच्या प्रश्नापर्यंतची उडी वाचकाने स्वतःच घ्यावी, अशी लेखकाची अपेक्षा असते, आणि तो ती बोलूनही दाखवत नाही.

दुसरी निसटणारी गोष्ट म्हणजे यंत्र आत नेमके काय करते याचे मनातले चित्र. तुम्ही दिवसभर एक्सेलमध्ये काम करता, म्हणून हे उदाहरण खास तुमच्यासाठी. पायथनमध्ये समजा तुम्ही लिहिले: भाव = 100. पुढच्या ओळीत: एकूण = भाव * 5. त्यानंतर: भाव = 120. आता एकूण छापले तर काय येईल? एक्सेलवर वाढलेला माणूस विश्वासाने 600 म्हणतो, कारण एक्सेलमध्ये बरोबरचे चिन्ह दोन खान्यांमध्ये कायमचे नाते जोडते आणि एक बदलला की दुसरा आपोआप बदलतो. पायथनमध्ये ते चिन्ह म्हणजे त्या क्षणी एकदाच पाळायची आज्ञा आहे. उत्तर 500 च येते. कोणत्याही नवशिक्या पुस्तकात 'व्हेरिएबल म्हणजे किंमत ठेवायची जागा' एवढे वाक्य असते, आणि ते खरेही असते, परंतु वाचक कोणती समजूत घेऊन आला आहे हे पुस्तकाला दिसत नाही. समोर बसलेल्या शिक्षकाला ते एका उत्तरावरून कळते. (जाता जाता: पायथन 3 मध्ये व्हेरिएबलची नावे देवनागरीत देता येतात, त्यामुळे वरच्या ओळी जशाच्या तशा चालतील. कार्यालयात तसे लिहू नका, पण घरी शिकताना काहीच हरकत नाही.)

रॉय पी या संशोधकाने 1986 मध्ये नवशिक्यांच्या अशा गैरसमजुतींमागचे एक समान मूळ मांडले होते: यंत्राच्या आत कोणीतरी समजूतदार बसले आहे आणि आपल्याला काय म्हणायचे आहे ते त्याला कळेल, असे शिकणाऱ्याला नकळत वाटत असते. व्हेरिएबलला 'एकूण' असे नाव दिले म्हणून त्यात बेरीज आपोआप जमा होत नाही, हे सांगितल्यावर लोक हसतात, पण त्यांच्याच कोडमध्ये हा विश्वास ठिकठिकाणी सापडतो. इनपुट या फंक्शनने वाचलेली किंमत पायथन 3 मध्ये आकडा नसून मजकूर असते. म्हणून कोणी 12 टाइप केले आणि तुम्ही त्याला तीनने गुणले, तर 36 ऐवजी 121212 मिळते, आणि तेही कोणतीही एरर न दाखवता. यंत्राने सांगितले तेच केले आहे. एरर येणारी चूक परवडते, कारण ती निदान हात वर करते.

आता पुस्तकांकडे वळते, कारण सगळ्यांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल. कर्निहन आणि रिची यांचे 'द सी प्रोग्रामिंग लँग्वेज' हे 1978 चे पुस्तक आपल्याकडे आजही नवख्या मुलांना मोठ्या आदराने सुचवले जाते. पुस्तक उत्तम आहेच, पण व्हेरिएबल, लूप, फंक्शन अशा मूलभूत कल्पनांची थोडी ओळख वाचकाला आहे असे गृहीत धरले आहे, हे लेखकांनी प्रस्तावनेतच स्पष्ट केले आहे. नवख्या माणसाच्या हाती ते द्यायचे आणि त्याला समजले नाही म्हणून त्याची कुवत काढायची, हा प्रकार थांबायला हवा. दुसऱ्या टोकाला आपल्या महाविद्यालयीन अभ्यासक्रमाभोवती लिहिलेली सी भाषेची पुस्तके आहेत. पॅलिंड्रोम, आर्मस्ट्राँग संख्या, ताऱ्यांचे पिरॅमिड असे ठरावीक प्रोग्राम, त्यांखाली आउटपुट, आणि तेच जर्नलमध्ये उतरवून सही घ्यायची. त्यांतल्या अनेकांत टर्बो सी या जुन्या सॉफ्टवेअरच्या काळातला कोड अजून तसाच आहे. स्क्रीन पुसणारी क्लिअर-स्क्रीनची ओळ आजच्या जीसीसी कंपायलरवर (कोड यंत्राला कळेल अशा रूपात आणणाऱ्या साधनावर) चालत नाही, तेव्हा चूक आपलीच झाली असे विद्यार्थी समजतो. ही पुस्तके परीक्षेत पास करतात. त्यांच्याकडून त्याहून जास्त अपेक्षा मीही ठेवत नाही.

याच्या अगदी उलट धाटणीचे एक उदाहरण आपल्या जवळचेच आहे. आयआयटी मुंबईचे प्रा. अभिराम रानडे यांनी सी प्लस प्लस शिकवण्यासाठी लिहिलेल्या पुस्तकात सुरुवातीपासूनच पडद्यावर रेघा ओढणारे कासव आहे: शंभर पुढे जा, नव्वद अंश उजवीकडे वळ, हे चार वेळा कर, की चौकोन तयार. यातली खुबी गमतीपुरती नाही. वळणाचा कोन चुकला तर चौकोनाच्या जागी भलतेच काही उमटते आणि चूक कुठे झाली ते शिकणाऱ्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. शिक्षक शेजारी नसताना चूक दाखवून देण्याची अशी काही सोय पुस्तकाने केली आहे का, ही माझी पहिली कसोटी असते.

दुसरी कसोटी तारखेची. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात किंवा रद्दीच्या दुकानात स्वस्तात मिळालेले पायथनचे पुस्तक पायथन 2 चे तर नाही ना, हे पाहून घ्या. पायथन 3 पहिल्यांदा 2008 मध्ये आले आणि 1 जानेवारी 2020 पासून पायथन 2 ची देखभाल अधिकृतपणे थांबली. जुन्या पद्धतीची प्रिंटची ओळ नव्या पायथनमध्ये निदान एरर देते, पण 5 भागिले 2 हे गणित जुन्यात 2 देत असे आणि नव्यात 2.5 देते, आणि हा फरक पुस्तकात शोधत बसलात तर सापडणार नाही. तिसरी कसोटी सर्वांत सोपी आहे: लूपचे प्रकरण उघडा आणि त्यात एकतरी चुकलेला प्रोग्राम, त्याची एरर आणि ती दुरुस्त कशी केली याची हकिगत आहे का ते पाहा. सगळेच प्रोग्राम पहिल्या फटक्यात चालणारे असतील तर त्या लेखकाने तुमच्यापासून निम्मे काम लपवले आहे, कारण चुकणे आणि शोधणे हाच आमच्या दिवसाचा मोठा भाग असतो.

काही गोष्टी अर्थातच परिस्थितीवर अवलंबून आहेत. ज्याच्या शेजारी विचारायला एखादा जाणकार सहकारी किंवा भावंड आहे, त्याला मध्यम दर्जाचे पुस्तकही पुरते. एकटा शिकणाऱ्याला पुस्तक फार विचारपूर्वक निवडावे लागते. कशासाठी शिकायचे यावरही बरेच ठरते. नोकरी बदलून सॉफ्टवेअरमध्ये जायचे असेल तर पुस्तक हा प्रवासाचा अगदी लहान टप्पा ठरेल. रोजच्या कामातली कटकट कमी करायची असेल तर एक पुस्तक आणि काही महिन्यांचा नियमित सराव यांवर बरीच मजल मारता येते. आणि भाषेचा अडसर आपण मोकळेपणाने मान्य करत नाही. मराठी माध्यमातून आलेल्या माणसाला इंग्रजी पुस्तक वाचताना एकाच वेळी दोन भाषा उलगडाव्या लागतात, आणि वाक्य समजले या समाधानात त्यामागची कल्पना समजायची राहून जाते. अशांना मी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पाचे मराठीतले धडे सुचवते. ते छोटे असतात, आणि एका बाजूला धडा व दुसऱ्या बाजूला सॉफ्टवेअर उघडे ठेवून बरोबरीने करत जाण्यासाठीच ते आखलेले आहेत. नुसते पाहत बसलात तर मात्र त्यांचीही गत पुस्तकासारखीच होते; किंबहुना व्हिडिओ थांबवायचा कंटाळा पान थांबवण्यापेक्षा जास्त येतो.

तुमच्या प्रश्नात एका गोष्टीचा उल्लेखच नाही, आणि तो नसणे मला बोलके वाटले: प्रकरणांच्या शेवटी दिलेले स्वाध्याय. 'जवळजवळ सगळे समजले' असे म्हणणारे वाचक बहुतेक वेळा स्वाध्याय नजरेखालून घालून पुढे गेलेले असतात. त्यामुळे माझा पहिला सल्ला नवे पुस्तक न घेण्याचा आहे. आहे तेच पुस्तक घ्या आणि त्याच्याशी वागण्याची पद्धत बदला.

पुस्तकातला प्रत्येक प्रोग्राम चालवण्याच्या आधी त्याचे आउटपुट काय येईल ते वहीत लिहा. लिहिलेले आणि आलेले जुळले नाही, तर तिथे थांबा; तुमच्या मनातले चित्र आणि यंत्र यांत जिथे फरक आहे ती नेमकी जागा तुम्हाला फुकटात सापडली आहे. मग पुस्तक मिटा आणि तोच प्रोग्राम न पाहता लिहा, शक्यतो दुसऱ्या दिवशी. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये केलेला प्रयोग इथे उपयोगी आहे: मजकूर पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवले, पण आठवड्यानंतर मात्र मजकूर न पाहता आठवण्याचा सराव केलेले पुढे निघाले. पुन्हा वाचणाऱ्यांना आपल्या स्मरणाविषयी विश्वास मात्र अधिक वाटत होता. दोनदा वाचलेल्या पुस्तकाबद्दल वाटणारा भरवसा असाच असतो.

न पाहता लिहिणे सुरुवातीला जड गेले तर मधली एक पायरी आहे. न्यूझीलंडच्या डेल पार्सन्स आणि पॅट्रिशिया हेडन यांनी 2006 मध्ये मांडलेल्या या प्रकारात प्रोग्रामच्या ओळी उलटसुलट करून दिलेल्या असतात आणि विद्यार्थ्याने त्या योग्य क्रमाने लावायच्या असतात. हे घरीही करता येते: प्रोग्रामची एकेक ओळ कागदाच्या चिठ्ठीवर लिहा, चिठ्ठ्या पिसून ठेवा आणि दोन दिवसांनी लावायला बसा. भाषेचे व्याकरण आठवण्याचा भार नसल्यामुळे सगळे लक्ष क्रमावर राहते, आणि तुमची खरी अडचण क्रमाचीच आहे. त्यासोबत चालणारा प्रोग्राम मुद्दाम मोडून पाहा: कोलन काढा, एक स्पेस कमी करा, व्हेरिएबलच्या नावातले एक अक्षर बदला, आणि प्रत्येक वेळी आलेली एरर खालून वर वाचा, कारण चूक कोणत्या प्रकारची आहे ते पायथन सर्वांत शेवटच्या ओळीत सांगतो. 2021 मध्ये आलेल्या 3.10 या आवृत्तीपासून हे संदेश बरेच सुधारले आहेत. न मिटलेला कंस कुठला तेही ते दाखवतात. त्यामुळे जुनी आवृत्ती असेल तर आधी ती बदला.

यानंतर पुस्तकाबाहेरचा प्रश्न हवा, आणि तुमच्यासारख्या नशीबवान विद्यार्थ्याला तो शोधावा लागत नाही. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्रासाठी 27, आणि पुढची दहा अक्षरे म्हणजे पॅन. एक फंक्शन लिहा, जे असा क्रमांक घेऊन त्याची लांबी बरोबर आहे का, तो महाराष्ट्राचा आहे का आणि त्यातला पॅन कोणता ते सांगेल. पायथन शून्यापासून मोजतो, म्हणून राज्य 0 ते 2 आणि पॅन 2 ते 12 या कापात (स्लाइस, म्हणजे मजकुराचा काढून घेतलेला तुकडा) मिळेल. शेवटचा आकडा त्यात धरला जात नाही, हे तुम्हाला पुस्तकात वाचूनही आठवणार नाही आणि इथे एकदा चुकल्यावर विसरणार नाही. मोकळी जागा चुकून पुढे राहिली तर काय होते? लहान अक्षरांत टाइप केले तर? रिकामा मजकूर आला तर? हे प्रश्न स्वतःला विचारणे म्हणजेच पावसाच्या प्रश्नातले ते अदृश्य निर्णय घेणे.

ते जमल्यावर खरेदी रजिस्टरची सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर) फाइल वाचून चुकीचे क्रमांक वेगळे काढा. मग विक्रेत्यानुसार बेरजा करा. आणि त्यानंतर केव्हातरी दर महिन्याला तुमचा जीव खाणारे काम हाती घ्या: जीएसटीआर-2बी (विक्रेत्यांनी भरलेल्या विवरणपत्रांवरून जीएसटी पोर्टलवर तयार होणारे पत्रक) आणि खरेदी रजिस्टर यांची जुळणी. तिथे तुम्हाला कळेल की एकाने बिल क्रमांक 007 असा लिहिला आहे, दुसऱ्याने नुसता 7, तिसऱ्याने पुढे आर्थिक वर्ष आणि तिरकी रेघ जोडली आहे, आणि माणसाला एकसारखे दिसणारे हे सगळे यंत्राला सर्वस्वी वेगळे आहे. कोणत्या दोन बिलांना 'तेच' म्हणायचे याचा नियम आधी मराठीत, कागदावर, पूर्ण वाक्यांत लिहा. तो नियम एखाद्या नव्या सहकाऱ्याला वाचून काम करता येईल इतका स्पष्ट झाला, की त्याचा कोड लिहिणे पुस्तकातल्या भाषेच्या बळावर तुम्हाला जमेल. सरावासाठी ग्राहकांची खरी माहिती न वापरता काल्पनिक नावांची फाइल तयार करा.

आजकाल चॅटजीपीटीसारख्या साधनांना विचारले की तयार कोड मिळतो, मग एवढा खटाटोप कशाला, असे बॅचमध्ये हमखास विचारले जाते. आलेली एरर समजावून घेण्यासाठी ती साधने जरूर वापरा. तुमच्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर त्यांच्याकडून घेतलेत, तर तुम्ही पुन्हा चालणारा आणि समजणारा कोड वाचत बसाल, आणि सध्याची अडचण नेमकी तीच आहे.

क्लासविषयी माझे मत पैशांपेक्षा बॅचच्या आकारावर ठरते. प्रवेश घेण्याआधी एवढेच विचारा की मी लिहिलेला कोड कोण वाचणार आणि किती दिवसांत. शिक्षक फळ्यावर किंवा प्रोजेक्टरवर लिहिणार आणि सगळे ते उतरवून घेणार असतील, तर ते मोठ्याने वाचलेले पुस्तकच आहे आणि तुमच्याकडे ते आधीच आहे. तुमचा चुकलेला प्रोग्राम घेऊन शेजारी बसणारे कोणी असेल, तर फी मोजायला हरकत नाही. क्लास लागेपर्यंत लूपच्या प्रकरणातले स्वाध्याय सोडवायला घ्या. अडलात तर प्रश्न, तुम्ही लिहिलेला कोड, अपेक्षित उत्तर आणि एररची शेवटची ओळ एवढे लिहून विचारा. कोड अर्धवट असला तरी चालेल, तो पाहिल्याशिवाय कोणालाही नेमके सांगता येणार नाही.